तबकडीवर नाव एकाचं, घड्याळ मात्र अनेकांचं

इंग्लंडमधल्या जुन्या, माणसाहून उंच लंबकाच्या घड्याळांबद्दल एक मजकूर ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: तबकडीवर ज्याचं नाव, त्या एकट्यानं लाकडी खोक्यापासून शेवटच्या चाकापर्यंत सगळं स्वतःच्या हातानं, यंत्राविना घडवलं, म्हणूनच ही घड्याळं तीनशे वर्षं हात न लावता सेकंदाबरहुकूम चालतात. कौतुक रास्त आहे, तपशील नाही.

आधी ‘एकट्यानं’ बघू. टॉमस टॉम्पियन हे लंडनच्या घड्याळजींमधलं सर्वांत मोठं नाव. 1713 मध्ये ते वारले, तेव्हा त्यांना वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं, एवढा मान. त्यांच्या नावावर सुमारे 650 मोठी आणि 5,500 खिशातली घड्याळं आहेत. दोन हातांनी होणारं काम आहे का हे? फ्लीट स्ट्रीटजवळ त्यांचा माणसांनी भरलेला कारखाना होता. शिवाय खोकं करणारा सुतार वेगळा, कोपऱ्यांतली पितळी नक्षी ओतणारा वेगळा, आकडे कोरणारा आणखी तिसराच.

1772 च्या सुमारास तर बर्मिंगहॅममध्ये ऑसबर्न आणि विल्सन या जोडीच्या रंगवलेल्या लोखंडी तबकड्या तयार मिळू लागल्या. गावोगावचे घड्याळजी अशा तबकड्या आणून त्यांवर आपलं नाव घालत. असं घड्याळ समोर आलंच, तर तबकडीच्या मागे डोकवा. यंत्र आणि तबकडी यांच्यामध्ये पुष्कळदा एक ओतीव लोखंडी पट्टी असते, कारण तबकडीचे पाय, म्हणजे तिच्या मागच्या खुंट्या, यंत्राच्या भोकांशी जुळायचे नाहीत. त्या पट्टीवर तबकडी करणाऱ्याचं नाव उठवलेलं सापडतं. सुताराचं नाव बहुतेकदा कुठेच नसतं, आणि मला तरी तेच जास्त खटकतं.

अपवाद आहे, आणि तो एका सुताराचाच. पुढे समुद्रावरच्या रेखांशाचं कोडं सोडवणाऱ्या जॉन हॅरिसननं 1713 मध्ये, ऐन विशीत, ओकच्या लाकडाची चाकं वापरून असं उभं घड्याळ केलं होतं. पण एका हॅरिसनवरून सगळ्यांचा नियम निघत नाही.

‘यंत्राविना’ची गोष्ट दोन ओळींत संपते. चाकांचे दाते सारख्या अंतरावर कापून देणारं यंत्र इंग्लंडमध्ये सतराव्या शतकातच आलं होतं. त्यानंतर घासून-पुसून गुळगुळीत करणं मात्र हाताचंच.

‘हात न लावता’ हे सगळ्यात घातक, कारण वाचणारा खरंच हात लावत नाही. तेलात धूळ बसते, तिचा खरखरीत लगदा होतो. ते कण मऊ पितळात रुततात आणि समोरचं कठीण पोलाद खातात. म्हणून जुन्या यंत्रात खाच पडलेली दिसते ती बरेचदा पितळी चाकाला नव्हे, त्याला भिडणाऱ्या छोट्या पोलादी चाकाला.

राहिली सेकंदाची अचूकता. सेकंदाला एक ठोका देणारा लंबक सुमारे 99 सेंटिमीटर लांब असतो. त्याची दांडी पोलादी असेल, तर हवा 10 अंशांनी तापल्यावर घड्याळ दिवसाला पाचेक सेकंद मागे पडतं. टॉम्पियन यांचे पुतणजावई जॉर्ज ग्रॅहम यांनी यावर उपाय काढला: लंबकाच्या टोकाच्या गोळ्याऐवजी पाऱ्याचं भांडं. दांडी खाली लांबते, पारा वर चढतो, हिशेब फिटतो. घरगुती घड्याळाला हा खर्च कोण करणार? तिथे गोळ्याखालचा आटा फिरवायचा. गोळा एक मिलिमीटर वर सरकला, की दिवसाला चाळीसेक सेकंद पुढे.