पन्नास रुपयांचं सिमेंट आणि पाच हजारांचं बिल

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपवर आला. एक भावकीचा, एक सोसायटीचा आणि तिसरा चक्क आमच्या कॉलेजच्या बॅचचा. मजकूर असा: 'दातात भरायचं सिमेंट पन्नास रुपयांचं, डॉक्टर घेतो पाच हजार. एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून दातांकडे वळलेले हे लोक साधी कीड दाखवून रूट कॅनल गळ्यात मारतात. त्यापेक्षा दाढ काढून टाका, प्रश्न मिटला. विमा कंपन्यासुद्धा दातांचे पैसे देत नाहीत, यावरून काय ते समजा. सरकारी दवाखान्यात हेच फुकट होतं. पुढे पाठवा.'

मी दातांचा डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावात दवाखाना आहे. तेव्हा यात माझा स्वार्थ आहे हे धरूनच पुढचं वाचा.

एमबीबीएसला नंबर लागला नाही हे खरंच. माझाही नव्हता लागला. पण म्हणून पुढची पाच वर्षं कोणी सूट दिली नाही. चार वर्षं बीडीएस आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन; तिसऱ्या वर्षी मेडिसिन आणि सर्जरीचे पेपर. शिवाय हाताचं काम वेगळं. मेणाच्या ठोकळ्यातून हुबेहूब दाढ कोरायची, दवाखान्यांतून काढलेले दात मागून आणून बरणीत साठवायचे आणि त्यांच्यावर ड्रिल धरायला शिकायचं. मग येतो 'कोटा'. इतके दात काढले, इतके भरले, इतक्या कवळ्या बसवल्या की मगच परीक्षेचं बोला. पेशंट मिळेना की आम्ही मेसच्या मावशींना आणि वॉचमनकाकांना हातापाया पडून खुर्चीत बसवायचो. मावशींच्या एका दाढेवर आमच्या बॅचमधल्या दोघांनी हक्क सांगितला होता.

आता सिमेंट. पन्नास रुपये म्हणताय तर पन्नासच धरू, घासाघीस नको. पण फिजिशियन झालेला माझा मित्र टेबल, स्टेथोस्कोप आणि बीपीचं मशीन घेऊन दवाखाना सुरू करू शकला. ऑपरेशन लागलं तर तो चिठ्ठी लिहून हॉस्पिटलला पाठवतो. दातांच्या डॉक्टरला पहिल्या दिवसापासून छोटं ऑपरेशन थिएटरच स्वतःच्या खर्चानं उभं करावं लागतं, कारण आमच्याकडे नुसत्या गोळ्या लिहून भागणारे पेशंट थोडे. खुर्ची, कॉम्प्रेसर, सक्शन, एक्स-रे आणि त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडची नोंदणी, जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्यांचे महिन्याचे पैसे. ज्या ड्रिलच्या आवाजानं तुमच्या पोटात गोळा येतो ते मिनिटाला तीन-चार लाख फेरे मारतं. एका पेशंटच्या तोंडातून निघालं की ते ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर वाफेत घालायचं, मगच दुसऱ्याच्या तोंडात. त्या वाफेनंच त्याचे बेअरिंग लवकर जातात, आणि एक आत असताना हाताशी दुसरं लागतं, म्हणून एकाच्या जागी चार-पाच घ्यावी लागतात. उपचारावर जीएसटी नसल्यामुळे साहित्यावर आम्ही भरलेला जीएसटी परतही मिळत नाही. यातलं काहीच तुमच्या दाढेत भरलं जात नाही, पण बिलात असतं.

कीड दाखवून रूट कॅनल? कीड दाताच्या वरच्या थरांत असेल तर सिमेंट भरून काम होतं, एका बैठकीत. ती दाताच्या आतल्या शिरेपर्यंत पोचली, रात्री ठणका लागून झोप उडाली, की नुसतं सिमेंट भरणं म्हणजे आत पू कोंडणं. मग रूट कॅनल, म्हणजे मुळांतल्या बारीक नळ्या साफ करून भरणं. दाढेला अशा तीन-चार नळ्या. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी बऱ्याचदा असते आणि ती शोधताना डोळे दुखतात. नळी साफ करायची सुई म्हणजे फाइल; सुरुवातीच्या दहा नंबरच्या फाइलचं टोक ०.१ मिलिमीटरचं. वाकड्या नळीत ती तुटून अडकली तर संध्याकाळ गेली. प्रत्येक नळीची लांबी मोजा, साफ करा, हायपोक्लोराइट या जंतुनाशकानं धुवा, भरा, परत एक्स-रे. तेवढ्या वेळात बाहेरचे दोन पेशंट कंटाळून निघून गेलेले असतात. आणि माझ्याकडे रूट कॅनलला येणाऱ्यांपैकी बरेच जण लवंग आणि दुखण्याची गोळी यांच्यावर काही महिने काढून आलेले असतात. भरण्यावर भागणारं काम तेवढ्यात पुढे सरकलेलं असतं.

'काढूनच टाका डॉक्टर, कटकट नको.' हे रोज ऐकतो. काढतोही, जिथे वाचण्यासारखं काही उरलेलं नसतं तिथे. पण खालची दाढ काढून जागा तशीच ठेवली तर मागची दाढ त्या खड्ड्यात कलते, वरची हळूहळू खाली उतरते, घास दुसऱ्या बाजूनं चावायची सवय लागते. काही वर्षांनी तोच माणूस ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला नकली दात, विचारायला येतो. ब्रिजसाठी शेजारचे दोन दात घासावे लागतात, बहुतेकदा चांगले असलेले. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, हवं तर त्याचं बिल बघून त्याला रूट कॅनलचं बिल आठवतं.

विम्याचं लांबवत नाही. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य पॉलिसी दवाखान्यात भरती होण्याभोवती बेतलेल्या आहेत आणि दाढेसाठी कोणी भरती होत नाही. अपघातात जबडा फुटून भरती झालात तर त्याच पॉलिसीतून साधारणपणे पैसे मिळतात.

सरकारी दवाखान्याबद्दल मात्र पोस्टवाल्याशी भांडण नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. काम शिकणारी मुलं करतात, पण डोक्यावर प्राध्यापक उभे असतात, आणि काम नीट होतं. जवळ राहत असाल तर जरूर जा. फुकट मात्र ते नाही. बिल सरकार भरतं. आणि चार खेपा घालताना रोजंदारीवाल्याचे चार दिवस बुडतात.

खरी तक्रार पोस्टमध्ये आलीच नाही. आमच्यातले कितीतरी जण 'रूट कॅनल चार हजार' एवढंच सांगतात आणि नंतर दाढेवर बसवायच्या कॅपचा आकडा दाढ पोखरून झाल्यावर काढतात. पेशंट तेव्हा उठून जाऊ शकत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीही हे केलं आहे, धंदा बसेना म्हणून. आता कागदावर लिहून देतो: एक्स-रे इतके, नळ्यांचं काम इतकं, कॅप धातूवर सिरॅमिकची घेतली तर इतकी, झिरकोनियाची घेतली तर इतकी. खुर्चीत आडवं होण्याआधी तुमच्या डॉक्टरकडे हा कागद मागा. एक्स-रेवर कीड कुठपर्यंत गेली आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर बिनधास्त उठा, दुसरीकडे जा.