‘वर्डबेसिक.’ पुसू नका

फोर्टमधल्या आम्हा टायपिंगवाल्यांत एक मेसेज फिरतोय: “जुन्या मॅक्रोत एरर येते? वर्डबेसिक आता चालतच नाही. फाइंड-रिप्लेसने सगळीकडचं ‘वर्डबेसिक.’ उडवा, वर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ टाका. नाहीच जमलं तर मॅक्रो नव्याने रेकॉर्ड करा.” मॅक्रो म्हणजे वर्डकडून एकामागून एक कामं करून घेणारी आज्ञांची यादी, आणि वर्डबेसिक ही त्या आज्ञा लिहायची जुनी भाषा. वकिलांचे ड्राफ्ट मी याच मॅक्रोंवर काढतो, म्हणून लिहितोय.

वर्डबेसिक चालत नाही, हे खोटं. वर्ड ९७ला वर्डबेसिकच्या जागी व्हीबीए ही नवी भाषा आली. जुनं टेम्प्लेट उघडलं की वर्डच मॅक्रो बदलून द्यायचा आणि जुन्या आज्ञांपुढे ‘वर्डबेसिक.’ लावायचा. ते ऑब्जेक्ट आजच्या वर्डमध्येही आहे.

आता तो शब्द उडवण्याबद्दल. उडवलात की ‘एडिटफाइंड’ (शोधायची जुनी आज्ञा) म्हणजे काय, हे व्हीबीएला कळत नाही. ‘सब ऑर फंक्शन नॉट डिफाइंड’ येतं. ही कंपाइलची, म्हणजे ओळी आधी तपासून घेतानाची एरर आहे, मॅक्रो सुरू होण्याआधीच येते. म्हणजे मेसेजमधला दुसरा उपाय, ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ (एरर आली तरी पुढच्या ओळीवर जा), तिला पकडूच शकत नाही!

खरा धोका त्याच्या पुढे आहे. ‘मेसेजबॉक्स’ ही निरोपाची चौकट दाखवणारी आज्ञा दोन्हीकडे आहे, पण क्रम वेगळा: वर्डबेसिकमध्ये मजकूर, शीर्षक, मग प्रकाराचा आकडा; व्हीबीएत मजकूर, आकडा, मग शीर्षक. नुसतं ‘वर्डबेसिक.’ काढलं की आकड्याच्या जागी शीर्षक जातं आणि ‘टाइप मिसमॅच’, एरर १३ येते. वर ‘रिझ्यूम नेक्स्ट’ असेल तर तीही गिळली जाते. नाव-पत्त्याच्या रिकाम्या जागी आम्ही चांदण्या (*) ठेवतो, आणि एखादी राहिली तर मॅक्रो चौकट दाखवून सांगतो. माझ्याकडे ती चौकट अशीच गप्प झाली आणि प्रतिज्ञापत्र पत्त्याच्या जागी चांदण्यांसकट छापून निघालं. सहीच्या वेळी वकीलसाहेबांच्या लक्षात आलं म्हणून वाचलो.

रेकॉर्डिंग तर सोडाच. रेकॉर्डर फक्त केलेल्या कृती टिपतो. ‘सापडलं तर’, ‘सापडेपर्यंत’ हे त्याला टिपता येत नाही, आणि आमच्या मॅक्रोंचा जीव त्यातच आहे.

मी असं करतो. टेम्प्लेटची कॉपी काढायची. डीबग मेनूतून कंपाइल करायचं. जिथे अडेल तेवढीच ओळ दुरुस्त करायची. मग एफ८ दाबत एकेक ओळ चालवून बघायची. चालणाऱ्या ‘वर्डबेसिक.’च्या ओळींना हात लावायचा नाही. बदलायचीच असेल तर पूर्ण बदलायची: ‘वर्डबेसिक.एडिटफाइंड’च्या जागी ‘सिलेक्शन.फाइंड.एक्झिक्यूट’.

आणि आपल्या मराठीचं एक. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणलात तरी व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरी पेस्ट केली की प्रश्नचिन्हं उमटतात. ते मॅक्रो बिघडल्याचं लक्षण नाही. एडिटरलाच युनिकोड येत नाही. तिथे अक्षराचा क्रमांक द्यावा लागतो: ‘अ’साठी सीएचआरडब्ल्यू (२३०९), आकडे अर्थात इंग्रजीत. लांब वाक्यं मी एका वेगळ्या डॉक्युमेंटमध्ये ठेवतो आणि मॅक्रोला तिथून उचलायला लावतो.