राजे होते तर मारलं का नाहीस?

"राजे होते तर मारलं का नाहीस?"

म्हणजे पोकरमध्ये हातात राजांची जोडी असून पुढे रेझ का मारलं नाहीस, पैसे का वाढवले नाहीस? हा प्रश्न मला आधी गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर निळ्या टोपीवाल्या एका पोराने विचारला, आणि दोन दिवसांनी नाशिकला परतल्यावर मिसळीच्या टेबलावर आपल्याच दोघांनी. तिथे तर्री वाढेपर्यंत विषय बदलला. पण उत्तर द्यायचं राहिलं म्हणून हे लिहितोय. जरा लांबेल.

माझं म्हणणं असं आहे. छोट्या टेबलावर कोणी चढून, म्हणजे सारखे पैसे वाढवत, खेळत असेल आणि आपल्या हातात मोठं पान आलं, की आपण जे रेझ मारतो त्यातलं बरंचसं पानासाठी नसतंच. तासभर त्याने आपल्याला दाबलेलं असतं, त्याची परतफेड म्हणून आपण मारतो. आणि तो पानं टाकून निघून जातो. मोठ्या पानाची कमाई काय, तर दोन-तीन हजार आणि त्याच्यासमोर ताठ झालेली मान.

ही सवय तीन पत्तीतून आली असं मला वाटतं. लक्ष्मीपूजन उरकलं की सतरंजी पडायची, डावाला चार आणे, आठ आणे. न बघता खेळणारा अर्ध्या पैशात चाल करतो, पान बघितलेल्याला दुप्पट टाकावे लागतात. म्हणून ब्लाइंड दामटणारा सगळ्यांना घाम फोडतो. मग कधीतरी आपल्याला ट्रेल, म्हणजे तीन एकसारखी पानं, लागते. बावन्न पत्त्यांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात, त्यात ट्रेल फक्त ५२, म्हणजे सरासरी ४२५ डावांत एकदा. एवढी वाट बघितल्यावर हात थांबतो कुणाचा? पण पोकरमध्ये पैसे चार टप्प्यांत लागतात: आधी हातातल्या दोन पानांवर, मग टेबलावर सगळ्यांसाठी उघडणाऱ्या पानांवर: फ्लॉपला तीन, टर्नला चौथं, रिव्हरला पाचवं. चढून खेळणाऱ्याला चारही ठिकाणी चूक करायची मुभा मिळाली पाहिजे. पहिल्या दोन टप्प्यांतच आपण दार लावून घेतलं तर पुढच्या दोन चुका तो दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवतो.

तो हात सांगतो. शंभर-दोनशेचं टेबल (दर डावाला दोघांना एवढे आधीच टाकावे लागतात), नऊ खुर्च्या. टोपीवाला माझ्या लगेच उजव्या हाताला, म्हणजे दर वेळी तो आधी बोलणार आणि मी नंतर. ही खुर्ची मी मागून घेतली होती, ते पुढे सांगतो. तासाभरात त्याने पाचपैकी तीन हात तरी रेझ केले असतील. मला आला इस्पिकचा राजा आणि बदामचा राजा. त्याने आठशे केले. इथे मात्र मी मारलं, चोवीसशे. बाकीच्या सगळ्यांनी पानं टाकली (फोल्ड), त्याने कॉल दिला, म्हणजे तेवढेच भरले. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ५,१००.

फ्लॉप: राणी, सत्ती, दुर्री. तिन्ही वेगवेगळ्या रंगाची पानं, कलर (एकाच रंगाची पाच पानं) नाही, सरळ काही जुळत नाही. त्याने तीन हजार टाकले. माझे खांदे आपोआप पुढे झाले, हात चिप्सवर गेला, आणि मी फक्त तीन हजार मोजून पुढे सरकवले. टर्नला तिर्री. त्याने सात हजार. मी सात हजार. रिव्हरला आणखी एक सत्ती आली तेव्हा पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. त्याने उरलेले बारा हजार लोटले आणि चिप्सवरून हात काढून टोपी मागे केली.

पॉट २५,१०० होता. त्यावर त्याचे बारा, माझे बारा. म्हणजे मी चारपैकी एकदा जरी पुढे असलो तरी कॉल परवडत होता. मला हरवणारी पानं, म्हणजे सत्ती, एक्क्यांची जोडी वगैरे, त्याच्याकडे चारपैकी तीनपेक्षा जास्त वेळा असायला हवीत, तरच मी चुकलो असतो. तासभर सगळी पानं दामटणाऱ्या माणसाकडे ती इतक्या वेळा असणार कुठून? कॉल. त्याने एक्का-दश्शी दाखवली. स्वतःची जोडीसुद्धा नाही.

आता प्रश्नाचं उत्तर. फ्लॉपवर मी मारलं असतं तर एक्का-दश्शी तिथेच पडली असती. पडली नसती ती कुठली पानं? एक्का-एक्का, राणी-राणी, सत्ती-सत्ती, दुर्री-दुर्री. म्हणजे रेझ मारलं की आपण ज्यांना हरवतोय ते बहुतेक पळतात आणि आपल्याला हरवणारे थांबतात. हे वाक्य मला कुणीतरी दहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. जोडी नसलेल्या कुठल्याही दोन पानांना तीनपैकी जवळपास दोन वेळा फ्लॉपवर काहीच लागत नाही. जो सगळंच खेळतो त्याच्याकडे बहुतेक वेळा काहीच नसतं, आणि काही नसताना पैसे टाकायची त्याला आवड आहे. ती आवड मोडून मला काय मिळणार होतं?

मग आधी चोवीसशे का मारले? कारण तेव्हा मागे सहा-सात माणसं बसली होती. एक्का-एक्का हा सगळ्यात भारी हात, २२१ डावांत एकदा येणारा. तो एकाच अनोळखी हातासमोर सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतो. समोर चार जण असले की आकडा ५६ वर येतो. छोट्या टेबलावर लोक बघायला म्हणून कॉल देतात, पाच-पाच जण फ्लॉपला येतात, आणि मग "माझे एक्के नेहमी मरतात" म्हणून रडगाणं सुरू. एक्के मरत नाहीत, गर्दीत चिरडले जातात. म्हणून पहिला रेझ बाकीच्यांना उठवायला, आणि टोपीवाला एकटा हाती लागला की गप्प.

हे आंधळेपणाने करू नका. गेल्या वर्षी मी तेच केलं आणि पस्तावलो. माझ्याकडे दोन अठ्ठ्या, फ्लॉपला अठ्ठी, नव्वी, गुलाम, त्यातली दोन बदामाची. आम्ही तिघे होतो. चढणाऱ्याने टाकले, मी मोठ्या हुशारीने नुसता कॉल दिला, आणि मागच्या शांत गृहस्थांनीही कॉल दिला. टर्नला बदाम आलं. ते गृहस्थ तीन तासांत एकदाही रेझ न मारलेले, त्यांनी मारलं, आणि तरीही मी तीन अठ्ठ्या धरून बसलो. रिव्हरला मदत आली नाही. कलरच्या मागे असलेल्याला उरलेल्या दोन पानांत साधारण ३५ टक्के वेळा तो लागतो. अशा फ्लॉपवर, शिवाय तिसरा माणूस असताना, लगेच मारायला हवं होतं, भरपूर मारायला हवं होतं. कोरडा फ्लॉप आणि एकटा चढणारा असेल तर थांबा. पानं जुळण्यासारखी असतील आणि मागे कुणी असेल तर थांबू नका. आणि शांत माणसाने मारलं तर त्याच्यावर विश्वास ठेवा. त्या रात्री हे न कळल्याची किंमत माझ्या अख्ख्या पाकिटाएवढी होती.

खुर्चीचं. टेबलावर बसताना लोक मोकळी जागा बघतात, मी आधी दहा मिनिटं उभा राहून कोण दामटतोय ते बघतो आणि त्याच्या डाव्या हाताची जागा रिकामी व्हायची वाट बघतो. त्याचं बोलून झाल्यावर मी बोललो की निम्मं काम झालं. हे मला नोट प्रेसमधून रिटायर झालेल्या आमच्या काकांनी शिकवलं. ते रमीवाले, पोकर त्यांना साठीनंतर कळलं, पण "आधी त्याला बोलू दे रे बाळा" हे त्यांचंच.

पैशाबद्दल दोनच ओळी. आपल्या राज्यात कॅसिनो नाही. १९७६ चा कायदा कागदावरच राहिला आणि २०२३ मध्ये तोही रद्द झाला. घरी पैसे लावून खेळलो तर १८८७ पासूनच्या जुगार कायद्यात अडकायची भीती, आणि ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने मोबाइलवरचं पैशाचं पोकरही बंद झालं. म्हणून आम्ही वर्षातून एकदा गोव्याला जातो, पाकिटात ठरलेली रक्कम घालून, आणि ते संपलं की डेकवर जाऊन नदी बघतो. ज्यांना पाकीट संपल्यावर एटीएम आठवतं, त्यांनी कृपा करून हे सगळं विसरून जा, जाऊ नका. हे मी मनापासून सांगतोय, आमच्या ओळखीतलं एक घर यात बसलंय.

बाकी वर्षभर काकांच्या गच्चीवर कॅरमच्या सोंगट्या लावून खेळतो. या शनिवारीही बसणार आहोत. मिसळीच्या टेबलावर ज्याने सगळ्यात मोठ्याने "मारलं का नाहीस" विचारलं, त्याला टोपीवाला करायचं ठरलंय. मी या वेळी त्याच्या उजव्या हाताला बसणार, वाईट खुर्चीत. आपण आधी बोलायचं आणि तो मागून दाबणार, तेव्हा राजे आले तर चेक करून (पैसे न टाकता पुढे सोडून) त्याच्या हाती सूत्रं द्यायची की स्वतःच टाकायचे, हे मला अजून नीट जमत नाही.