स्वीडनचा दाखला आणि पूर्व भागातले पुठ्ठे

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'स्वीडननं शाळांतून टॅब हद्दपार केले, पुन्हा वही-पुस्तक आणलं. आपण कधी शहाणे होणार?' त्याखाली काकांचे जोडलेले हात, मावशीचं 'अगदी खरं', आणि मग माझ्या भावाचा थेट मला प्रश्न: "ताई, तू तिथंच राहतेस ना, सांग की ह्या पोराला." पोरगा म्हणजे त्याचा मुलगा, माझा भाचरू. दहावीत आहे, आणि त्याचा मोबाईल रात्री नऊला जप्त होतो.

मी बोरोसला राहते. गोटेनबर्गपासून तासाभराच्या अंतरावरचं गाव, आणि माझ्यासारख्या सोलापूरकराला ओळखीचं वाटावं असं: एके काळी स्वीडनचं कापड इथं विणलं जायचं, सत्तरच्या दशकात गिरण्या-कारखाने धडाधड बंद पडले. तर स्वीडनबद्दल खरं काय ते आधी सांगून टाकते. चौथीच्या मुलांच्या वाचनाची एक आंतरराष्ट्रीय चाचणी असते, पिर्ल्स नावाची. तिच्यात स्वीडनचे गुण 2016 ला 555 होते, 2021 ला 544 झाले. 544 हेही चांगलेच गुण आहेत, पण घसरण ती घसरण, आणि इथं तिच्यावरून रान उठलं. 2023 मध्ये सरकारनं शाळांच्या छापील पुस्तकांसाठी 68 कोटी 50 लाख क्रोनर वेगळे काढले. बालवाडीत डिजिटल साधनं वापरलीच पाहिजेत, ही सक्तीही गेली. मोठ्या वर्गांतल्या मुलांकडे लॅपटॉप अजून आहेत. हद्दपार वगैरे काही झालेलं नाही.

शिवाय हाच देश फोनशिवाय एक दिवस चालत नाही. बँक, दवाखान्याची वेळ, शाळेचा निरोप, शेजारणीला केकचे पैसे, सगळं फोनवर. माझ्या पर्समध्ये स्वीडिश नोट शेवटची कधी होती ते मला आठवत नाही. तेव्हा 'पुस्तकाकडे परतलेला देश' हे चित्र सोलापुरातून दिसतं तितकं सरळ नाही.

आणि मेसेजमधून नेमकी गळालेली गोष्ट म्हणजे पैसा. स्वीडननं मुलांना झापलं नाही, पुस्तकं विकत घेतली. आपल्याकडे ती बातमी पोचेपर्यंत तिच्यातला खर्च उडून गेला आणि फक्त झापणं उरलं.

गेल्या हिवाळ्यात सोलापूरला होते तेव्हाचा एक दिवस सांगते. सकाळी पाणी येणार होतं. उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात, तरी शहराला पाणी काही दिवसांआडच. पूर्वी कुठल्या पेठेला कुठल्या दिवशी, किती वाजता, किती वेळ, हे सगळं आईच्या डोक्यात असायचं. शेजारच्या चार बायका तिलाच विचारायला यायच्या. आता गल्लीचा ग्रुप आहे, त्यावर मेसेज येतो. आई म्हणते, "बरं झालं, डोक्याला ताप नाही." गल्लीत कुणालाही याचं वाईट वाटत नाही. पाण्याचं वेळापत्रक आईच्या डोक्यातून गेलं म्हणून तिची अक्कल कमी झाली, असं कुणी म्हणाल्याचंही ऐकलं नाही. मग मुलानं काहीतरी फोनवर सोपवलं की एवढा गहजब का?

दुपारी पूर्व भागात, शहरातल्या मागांच्या वस्तीत, गेले. वडील एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहायचे, त्यामुळे तिकडच्या दोन-चार घरांत अजून जाणं-येणं आहे. गल्लीत शिरलं की खटाखट सुरू होते, आणि तेलुगू, मराठी, हिंदी एकाच वाक्यात ऐकू येते. ज्यांच्याकडे गेले ते मामा आयुष्यभर चादरींच्या नक्षीचे पुठ्ठे पाडत आलेत. सोलापुरी चादर जकार्डवर निघते. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जिथं भोक तिथं उभा धागा वर उचलला जातो, जिथं भोक नाही तिथं खालीच राहतो, आणि मधून आडवा धागा जातो. साधारण एका आडव्या धाग्याला एक पुठ्ठा. म्हणजे मोराची अख्खी आठवण त्या माळेत असते, विणणाऱ्याला मोर पाठ असण्याची गरज नसते.

फ्रान्समधल्या लियाँच्या जोसेफ मारी जकार्डनं हा माग 1804 च्या सुमारास आणला. त्याचं स्वतःचं रेशमी चित्र या पद्धतीनं विणलं गेलं, त्याला सुमारे 24 हजार पुठ्ठे लागले. इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेजकडे त्याची एक प्रत होती, आणि आपल्या गणनयंत्राला हुकूम द्यायला त्यानं हेच पुठ्ठे योजले. 1843 मध्ये एडा लव्हलेसनं लिहून ठेवलं की जकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो, तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. भावाच्या हातातला मोबाईल आणि त्याच्या अंगावरची चादर हे असे एकाच घराण्यातले आहेत. भावाला हे सांगितलं तर म्हणाला, "चादर रात्रभर रील दाखवत नाही बे." मुद्दा मान्य.

मामांचं आता वय झालंय. नक्षी कॉम्प्युटरवर त्यांचा नातू काढतो. तंत्राबद्दल त्यांना राग नाही; पुठ्ठे पाडून बोटं दुखतात ती त्यांचीच. त्यांची तक्रार वेगळी आहे. नातवानं काढलेलं एक गोल फूल त्यांनी मला पडद्यावर दाखवलं, मग मागावरून उतरलेला नमुना दाखवला. फूल लांबट झालं होतं.

"पडद्यावर गोलच दिसतंय," मामा म्हणाले. "पण इंचात उभे धागे किती, आडवे किती, ते त्याला ठाऊक पाहिजे की. मशीन सांगतंय ते विणतंय. फूल चुकलं हे मशीनला कळत नाही."

एवढंच मला या सगळ्या वादात म्हणायचं आहे, आणि मामांनी ते माझ्याआधी म्हणून टाकलं. आठवण बाहेर ठेवायला हरकत नाही. पण उतरलेलं फूल लांबट आहे हे ओळखण्याइतकं तरी आत असावं लागतं. ते 'आत' येतं कुठून? पाठांतरानं थोडंफार येतं. पण नातू हजार वेळा पाढे म्हणाला असता तरी हे फूल गोल झालं नसतं. ते आलं असतं मामांशेजारी बसून, नमुने बिघडवून, उसवून.

बोरोसमध्ये याची सोय केली आहे, आणि मला तिचा हेवा वाटतो. कृत्रिम रेशमाच्या जुन्या कारखान्याच्या आवारात आता वस्त्रविद्येचं महाविद्यालय आणि वस्त्रसंग्रहालय शेजारी-शेजारी आहेत. संग्रहालयात जुने माग नुसते काचेआड ठेवलेले नाहीत, चालवून दाखवतात. पलीकडे विद्यार्थी कॉम्प्युटरवर नक्षी काढतात आणि मागावर उतरवून बघतात. अर्थात हेही खरं की बोरोसमध्ये विणून पोट भरणारे फार थोडे उरलेत. सोलापुरात अजून माग पोटासाठी चालतात, म्हणून नमुना बिघडवण्याची चैन कुणाला परवडत नाही. 1877 मध्ये सुरू झालेली आपली जुनी गिरणी कधीच बंद पडली. तिच्यातली किती माणसं काय काय जाणत होती, ते त्यांच्याबरोबर गेलं.

संध्याकाळी घरी भाच्याचा निबंध वाचला. विषय: गड्डा यात्रा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची जत्रा. एआयकडून लिहून घेतलेला, हे पहिल्या ओळीत कळलं. 'भक्तिमय वातावरण', 'सर्वधर्मसमभावाचे प्रतीक', 'अबालवृद्धांचा उत्साह'. गावाचं नाव बदललं तर कुठल्याही जत्रेला चालेल. सात नंदीध्वज नाहीत, अडुसष्ट लिंगं नाहीत, संमती कट्ट्यावरच्या अक्षता नाहीत.

"तू तर दरवर्षी नंदीध्वजामागं चालतोस. हे का नाही लिहिलंस?"

"आत्या, ते तर सगळ्यांनाच माहीत असतंय. ते निबंधात कशाला?"

मला एआयपेक्षा या उत्तराची जास्त काळजी वाटली. त्याच्याकडे माहिती होती, आठवण होती, पण ती शिक्षणात मोजली जाते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अपेक्षित उत्तरांच्या गाइडमधून आम्हीही असेच निबंध उतरवून काढले, तेव्हा मोबाईल नव्हता. फूल तेव्हाही लांबटच होतं.

गंमत म्हणजे याच ग्रुपवर 2020 च्या डिसेंबरात सगळ्यांच्या स्टेटसला डिसले गुरुजी होते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले. त्यांनी पुस्तकांवर क्यूआर कोड लावले, मुलं फोननं ते उघडून कविता ऐकायची, धडे बघायची. ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, 10 लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. तेव्हा मोबाईल म्हणजे क्रांती होती. आता स्वीडनचा मेसेज आला, तर मोबाईल म्हणजे विष. आपल्याला दाखला बाहेरचा लागतो, मग तो कुठल्याही बाजूचा असो. परितेवाडीत कोड पुस्तकावर चिकटवलेला होता आणि शेजारी शिक्षक होता, एवढं कुणी बघितलं नाही.

भावाला मी फोन करून सांगितलं, स्वीडनचा दाखला द्यायचाच तर पुरा दे. पोराच्या शाळेत ग्रंथालय आहे का विचार. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय की शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकं हवीत. तो कायदा आठवीपर्यंतचा, पण शाळा तर तीच आहे. स्वीडनच्या पैशाची गरज नाही, आपलाच कायदा पुरतो.

"कपाट आहे की," भाऊ म्हणाला. "शनिवारी पालकसभा आहे, विचारतो."

मी म्हटलं, विचारशील तेव्हा कपाटाची किल्ली कुणाकडे असते तेही विचार.