यंदा फराळाच्या डब्याशेजारी दातांच्या निगेचे साहित्यही द्यावे

दिवाळीला आप्तेष्टांना काय द्यायचे, याची चर्चा आता घरोघरी सुरू झाली आहे आणि दरवर्षीप्रमाणे सुक्या मेव्याचे खोके, मिठाई आणि चॉकलेटे हीच नावे पुढे येत आहेत. या यादीत यंदा दातांच्या निगेच्या वस्तूंना जागा द्यावी, असे मला मनापासून वाटते. त्यातही घरातल्या ज्येष्ठांचा विचार आधी व्हावा, कारण त्यांच्या तोंडाची आबाळ सर्वांत जास्त होते आणि ते स्वतःहून त्याबद्दल बोलत नाहीत.

दिवाळीचेच निमित्त का, यालाही कारण आहे. दातांवरच्या थरातील जिवाणू साखर आणि पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात. तोंडातला सामू (आम्लता सांगणारा आकडा, पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दातांच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात आणि लाळेला ती स्थिती पूर्ववत करायला बराच वेळ लागतो. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा ते दिवसातून किती वेळा खाल्ले, याला महत्त्व अधिक. फराळाचे दिवस नेमके येथेच अडचणीचे ठरतात. सकाळी चहाबरोबर शंकरपाळे, अकराला पाहुण्यांबरोबर करंजी, दुपारी लाडू, संध्याकाळी दुसऱ्या घरी पुन्हा तेच, असे चालते तेव्हा दातांना उसंतच मिळत नाही. फराळ करू नये असे मी मुळीच म्हणत नाही. तो जेवणाच्या वेळेला जोडून खावा आणि रात्री झोपण्यापूर्वी दात नीट घासावेत, एवढे तरी जमावे.

आता ज्येष्ठांकडे वळते. माझ्या मावशीला संधिवात आहे. नेहमीच्या ब्रशची बारीक दांडी तिच्या बोटांत ठरत नसे, त्यामुळे पुढचे चार दात घासून ती चूळ भरून मोकळी व्हायची आणि मागच्या दाढांपर्यंत ब्रश पोहोचतच नसे. सायकलच्या हँडलवर चढवतात ती रबरी मूठ आम्ही तिच्या ब्रशच्या दांडीवर बसवली, तेव्हा तिला तो पूर्ण मुठीत धरता आला. अशी जाड मूठ बसवलेला, पाकिटावर ‘सॉफ्ट’ असे लिहिलेला साधा ब्रश ही अत्यल्प खर्चाची, पण रोज दोन वेळा उपयोगी पडणारी भेट आहे.

ऐपत असेल तर विजेवर चालणारा ब्रश द्यावा. त्याची दांडी मुळातच जाड असते, हात फारसा हलवावा लागत नाही आणि दोन मिनिटे झाल्याची सूचना बहुतेक ब्रश स्वतःच देतात. कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा साध्या ब्रशच्या तुलनेत अशा ब्रशने दातांवरचा थर पहिल्या एक ते तीन महिन्यांत ११ टक्क्यांनी आणि तीन महिन्यांनंतर २१ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. मात्र हा ब्रश खोक्यासकट हातात देऊन निघून येऊ नये. चार्जर कोणत्या खटक्याला लावायचा, पेस्ट लावून ब्रश तोंडात नेल्यावरच बटण कसे दाबायचे, हे शेजारी उभे राहून दाखवावे आणि बदलण्याची दोन डोकी सोबतच द्यावीत. नाहीतर तीन-चार महिन्यांनी केस वाकले की तो ब्रश कपाटात जातो.

वय वाढते तशा हिरड्या खाली सरकतात, दातांमध्ये फटी पडतात आणि जेवणातला एखादा कण तेथे अडकून बसतो. मग जेवण झाल्यावर काडेपेटीतल्या काडीने किंवा बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिनेने तो कोरून काढणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या टोकाने हिरडी फाटते आणि अडकलेले सगळे निघतही नाही. फटीत घालायचा बारीक ब्रश यासाठीच असतो. मध्ये तार, भोवती केस आणि वेगवेगळ्या मापांना वेगवेगळे रंग, अशी त्याची रचना असते. फटीत तो जोर न लावता गेला पाहिजे, म्हणून माप दंतवैद्याकडून ठरवून घेणे उत्तम. दात एकमेकांना घट्ट लागलेले असतील, तर तेथे दातांच्या फटी साफ करायचा दोराच (फ्लॉस) उपयोगी पडतो.

कवळी वापरणाऱ्यांसाठी झाकणाची डबी आणि कवळीचा वेगळा ब्रश द्यावा. पाहुणे म्हणून गेलेल्या ठिकाणी कवळी रुमालात किंवा कागदात गुंडाळून उशाशी ठेवली जाते, ती सुकते आणि कधीकधी कचऱ्यातही जाते. रात्री ती काढून साध्या पाण्यात ठेवावी, गरम पाणी वापरू नये, आणि नेहमीच्या टूथपेस्टने घासू नये, कारण तिच्यातील कणांमुळे चरे पडून त्यांत घाण साठते. धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले ठेवावे, म्हणजे हातातून निसटली तरी ती फुटत नाही.

मुलांसाठी भाऊबीजेला छोट्या डोक्याचा ब्रश, फ्लोराइड असलेली पेस्ट आणि दोन मिनिटांचे वाळूचे घड्याळ असा संच छान होतो. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त पेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला, यावरून तिचे मोल कळावे. आईवडिलांना आणखी एक सांगावेसे वाटते: सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ येते, ती कायमची असते. तिच्या जागी कोणताच दुधाचा दात पडत नाही, म्हणून तीही दुधाचीच असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि ती सर्वांत आधी किडते.

गावाकडच्या आजी-काकूंसाठी भेट घेताना मशेरीचा विचार करावाच लागतो. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर आपल्या देशात १९९२ मध्ये बंदी आली, पण घरी तव्यावर भाजून केलेली मशेरी अजूनही अनेक घरांत आहे. ते व्यसन आहे, केवळ दात घासण्याची जुनी रीत नव्हे, त्यामुळे नुसता ब्रश दिल्याने ती सुटणार नाही. सणाच्या दिवशी चारचौघांत उपदेश करू नये. ब्रश आणि पेस्ट प्रेमाने द्यावी आणि पुढच्या महिन्यात तोंड तपासून घ्यायला सोबत येण्याचे वचन द्यावे. तोंडात पांढरा चट्टा असेल किंवा जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर मात्र थांबू नये.

काही वस्तू कुणालाच देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कीटण, म्हणजे दातांवर साचून कडक झालेला थर, खरवडण्याची पोलादी हत्यारे ऑनलाइन सर्रास मिळतात. ती दंतवैद्याच्या हातातच शोभतात. कोळशाच्या भुकटीने दात उजळण्याऐवजी झिजतात.

अशी भेट म्हणजे ‘तुमचे दात खराब आहेत’ असे सुचवणे, अशी शंका काहींना येईल. ती रास्त आहे, म्हणून ज्यांची गरज आपल्याला जवळून ठाऊक आहे अशा घरच्यांनाच ही भेट द्यावी, आणि एकट्यालाच न देता सगळ्या घराला मिळून द्यावी. घरकामाच्या मावशींना किंवा पहारेकऱ्यांना द्यायची असेल, तर ती दिवाळीच्या पैशांखेरीज असावी, त्या पैशांऐवजी कधीही नको.

या सर्वांबरोबर दंतवैद्याकडची एक तपासणीही भेट म्हणून देता येते. मुंबई आणि नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत ती खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात होते. ठणकणारी दाढ किंवा सैल झालेली कवळी घरात कुणाची असेल, तर वसुबारसेच्या आधीची वेळ आजच घ्यावी, कारण त्यानंतर भाऊबीजेपर्यंत बहुतेक दवाखाने बंद असतात.