"चालवून बघ, आपोआप येईल" म्हणे

मुलुंडच्या भाच्याला सुट्टीत रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायचीय. दादरला एखादा क्लास लावू का, एवढंच त्याने आमच्या भावंडांच्या ग्रुपवर विचारलं, तर आमचा दादा लगेच, "क्लासबिस कशाला, फॉरेनला सगळे कोड चालवून चालवूनच शिकतात." पुढे दिवसभर त्यावरच अंगठे.

फॉरेन म्हणजे नक्की कुठे रे दादा? म्युनिकला ऑफिसात माझ्या बाजूच्या टेबलावरचा पोरगा फाखइन्फॉर्माटिकरचं, म्हणजे आयटीतलं, आउसबिल्डुंग (काम करत करत शिकायचा कोर्स) करतोय, ३ वर्षांचं, कधी आमच्याकडे तर कधी बेरूफ्सशूलेत, म्हणजे व्यवसाय शिकवणाऱ्या शाळेत, आणि शेवटी ईहाकाची, म्हणजे तिथल्या उद्योग-व्यापार चेंबरची, परीक्षा. त्याला कोणी "चालवून बघ, येईल" म्हणून सोडून दिलेलं नाहीये. (स्वतःचं स्वतः शिकलेलेही टीममध्ये आहेत, पण ते ग्रुपवर लिहिणार नाही, दादा स्क्रीनशॉट काढून ठेवेल.)

आणि चालवून बघायचंच म्हणशील तर कॉलेजात आपण दुसरं काय केलं? सी भाषेचा तो जुना कंपायलर टर्बो सी, तो निळा स्क्रीन, इंटचा, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या व्हेरिएबलचा, साइझ प्रिंट केला, २ बाइट आला, मग जर्नलमध्ये २ बाइट, व्हायव्हात २ बाइट. आज माझ्या लॅपटॉपवर जीसीसी हा आजचा कंपायलर त्याच प्रोग्रॅमला ४ सांगतो, कारण सीचं स्टँडर्ड फक्त कमीत कमी १६ बिट (म्हणजे २ बाइट) म्हणतं, पुढचं कंपायलरवर. आणि ते "आउटपुट ओळखा"चे प्रश्न, आय प्लस प्लस आणि प्लस प्लस आय (दोन्ही आयमध्ये एक मिळवतात, एक वापरल्यावर, एक आधीच) एकाच एक्स्प्रेशनमध्ये कोंबलेले! ते अनडिफाइन्ड बिहेवियर, काहीही उत्तर आलं तरी सीची तक्रार नाही, आणि आपण त्याचं एकच बरोबर उत्तर पाठ करत होतो कारण लॅबमधल्या मशीनवर तेच यायचं. गो ही भाषा बनवणाऱ्यांना ही खोड बरोबर माहीत होती, म्हणून २०१२च्या १.० व्हर्जनपासून मॅपवर (की-व्हॅल्यूच्या जोड्यांच्या यादीवर) लूप फिरवला की क्रम मुद्दाम बदलता ठेवलाय, कोणी चार वेळा चालवून त्याच्यावर विसंबू नये म्हणून.

रस्टच्या बाबतीत दादाचं थोडं खरं आहे, हे नाइलाजाने मान्य करते. एका व्हेरिएबलमधला व्हेक्टर (म्हणजे यादी) दुसऱ्याला दिला आणि परत पहिला वापरायला गेलात की कंपायलर अडवतो, एरर ई०३८२, व्हॅल्यू कुठल्या ओळीवर मूव्ह झाली तेही दाखवतो, आणि कंपायलरच्या एक्सप्लेन कमांडला तो नंबर दिला की उदाहरणासकट समजावतो. असा मास्तर समोर असेल तर करा की प्रयोग. पण ओनरशिप (कुठली व्हॅल्यू कुठल्या व्हेरिएबलच्या मालकीची, हा रस्टचा नियम) म्हणजे काय हेच कळलेलं नसेल तर पोरं काय करतात ते मी रिव्ह्यूत बघते, एरर जायला हवी ना, मग दिसेल तिथे क्लोन, म्हणजे व्हॅल्यूची नवी कॉपी, प्रोग्रॅम चालतो आणि डोकं होतं तिथेच. म्हणून भाच्याला लिहिलं, ओनरशिप आणि बॉरोइंग (मालकी न घेता व्हॅल्यू उसनी वापरणं) आधी नीट वाच, ऑनलाइन सगळं फुकट आहे, मग रस्टलिंग्ज हे छोटे सरावाचे प्रश्न सोडव, मग काय मोडतोड करायची ती कर. क्लासची फी वाचव.

त्यावर दादा, "झालीस हां पक्की जर्मन."

हे लागलं. कारण ऑफिसात बरोब्बर उलटं आहे. डिझाइन डॉक्युमेंटच्या तिसऱ्या पानावर तासभर खल चाललेला असतो तेव्हा "अरे, आधी चालवून तर बघूया" म्हणणारी मीच, आणि सगळे हसतात, हिला धीर नाही म्हणून. इथे मी घाई करणारी मुंबईवाली आणि पार्ल्याला गेले की "कुठे लिहिलंय ते दाखव" म्हणून डोकं खाणारी. दोन्हीकडे पाहुणीच. आणि खरं सांगू का, ग्रुपवर मी भांडते कारण मनसोक्त भांडता तिथेच येतं. जर्मनमध्ये नामाचं लिंग बघून डेर, डी की दास लावायचं ते ठरवेपर्यंत समोरचा पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो.

तर दादा, पायथनमध्ये एक फंक्शन लिही, डिफॉल्ट आर्ग्युमेंट (कॉल करताना काही दिलं नाही तर वापरायची व्हॅल्यू) म्हणून रिकामी लिस्ट दे, आत तिला एक गोष्ट अपेंड कर, म्हणजे शेवटी जोड, लिस्ट परत पाठव आणि दोनदा कॉल कर. एकदाच करून थांबू नकोस. दुसऱ्यांदा काय येतं आणि का, ते ग्रुपवर सगळ्यांसमोर लिही.