लाल डाग रगडू नका : बेडसोअरच्या त्या मेसेजला उत्तर

परवा मामीचा व्हिडिओ कॉल आला. मामांना पक्षाघात होऊन दोन महिने झालेत. नागपुरात सक्करदऱ्याच्या घरी हॉलमध्येच भाड्याचा फाउलर बेड मांडलाय, म्हणजे डोक्याकडची आणि गुडघ्यांकडची बाजू वर-खाली करता येते तो. माकडहाडाच्या वर रुपयाएवढा लाल डाग, आणि मामी सांगते, "रोज दोनदा स्पिरिट लावून वीस-वीस मिनिटं रगडून राहिली मी, तरी काऊन जात नाही रे?" कोणी सांगितलं, तर 'बेडसोअर कधीच होणार नाही, फक्त पाच गोष्टी करा' हा मेसेज. बेडसोअर म्हणजे शय्याव्रण, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दाबाने होणारी जखम. माझ्याकडेही तो तीन ग्रुपांतून आला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं, आता देतो.

'लाल डाग दिसला की जोरात चोळा, रक्त धावतं.' यातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. कोपर टेबलावर टेकवा आणि कातडी जागची न हलवता हात मागे-पुढे करा. हाड सरकतं, कातडी टेबलाला चिकटून राहते. मधलं मांस, चरबी आणि बारीक रक्तवाहिन्या तिरप्या ओढल्या जातात. या बलाला शिअर म्हणतात, पाठ्यपुस्तकात कर्तन. शब्द बरोबर आहे, कारण कात्रीही हेच करते : दोन पाती शेजारून उलट दिशांना जातात आणि ताणून फाटणार नाही ते कापड सहज कापलं जातं. लाल डागाखाली वाहिन्या आधीच दबून दुखावलेल्या असतात. त्यांच्यावर वीस मिनिटं रगडणं म्हणजे तीच कात्री चालवणं. वरून कातडी धड दिसते आणि आत हाडालगत मांस मरत जातं. म्हणून शय्याव्रण फुटतो तेव्हा वरचं तोंड लहान आणि आतली पोकळी मोठी निघू शकते.

हे माझ्या मनचं नाही. युरोप, अमेरिका आणि पॅसिफिक भागातल्या तज्ज्ञ संस्थांनी मिळून काढलेली 2019 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका साफ सांगते की धोक्यातली त्वचा जोरात चोळू नका. 1979 मध्ये बेनेट आणि सहकाऱ्यांनी माणसांवर मोजून पाहिलं होतं : शिअर पुरेसा असेल, तर रक्तप्रवाह थांबायला एरवीच्या निम्माच दाब पुरतो.

'पाठ दिवसभर उंच ठेवा, पेशंट फ्रेश राहतो.' मामा दिवसभर अर्धे बसलेले असत. बेडचं डोकं वर केलं की शरीर हळूहळू खाली घसरतं. पाठीची कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं हाड पायांकडे जातं. मग संध्याकाळी दोघं जण काखेत हात घालून त्यांना वर ओढतात, की पुन्हा तेच, उलट दिशेने. तीच मार्गदर्शिका म्हणते, डोक्याकडची बाजू शक्य तितकी सपाट ठेवा. जेवताना उंच करावंच लागतं, गिळायचा त्रास असेल तर नंतरही काही वेळ; डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ते पाळाच. पण आधी गुडघ्यांकडची बाजू थोडी वर घ्या, मग डोक्याची, म्हणजे घसरण कमी होते. वर सरकवायला जुनं सुती धोतर चौपदरी करून खांद्यापासून मांडीपर्यंत खाली घाला. दोन्ही कडांच्या गुंडाळ्या अंगाशी धरून दोघांनी एकदम उचला. ओढायचं नाही, उचलायचं.

'बेडसोअर अस्वच्छतेमुळेच होतो.' अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. घाम आणि लघवीने भिजलेली त्वचा नरम पडते, चादरीला जास्त चिकटते. आपल्या मे महिन्यात, कुलरच्या दमट हवेत, खाली मेणकापड असलं तर पाठ कोरडी राहतच नाही. पण 'मुळेच' हा शब्द क्रूर आहे. मामीने मामांना एक दिवस अस्वच्छ ठेवलं नाही, आणि ती दोन महिने स्वतःलाच दोष देत बसली.

'खाली हवेची रिंग ठेवा.' नको. रिंगच्या कडेवर दाब येतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा अडतो. 'एअर बेड घेतला की कूस बदलायची गरज नाही' हेही खोटं. एअर बेड चांगलाच, पण कूस बदलावीच लागते, आणि ती पूर्ण आडवी नाही, पाठीमागे उशी लावून साधारण तीस अंश.

डाग बोटाने दाबून बघा. पांढरा पडून परत लाल झाला, तर तिथलं रक्त फिरतंय, फक्त त्या कुशीवरून उठवा. तसाच लाल राहिला, तर इजा सुरू झाली आहे, डॉक्टरांना दाखवा. आपल्या सावळ्या रंगावर लाली कळत नाही. तिथे हात लावून गरम किंवा कडक लागतंय का, रंग जांभळट झालाय का, ते बघा. टाचा विसरू नका, पोटरीखाली उशी देऊन त्या अधांतरी ठेवा.

मामी विचारत होती, मग स्पिरिट कुठं लावू? कुठेच नाही, त्याने त्वचा कोरडी पडते. तेल लावायचंच असेल तर हलक्या हाताने खांद्यांना आणि दंडांना लाव, डागापासून लांब. मामांना ते आवडतंही.